बिगुल कोरीनला, एका अटीवर

मी, मार्लिस ॲन टेस्के, वय तेवीस, अविवाहित, चीजच्या कारखान्यात प्रतवारीचे काम करणारी, राहणार पोर्ट ऑल्डन, विस्कॉन्सिन, हे मृत्युपत्र आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. भीतीला दडपण म्हणत असतील तर ती आहे, एवढी नोंद करते. पण काय कोणाला द्यायचे हे मीच ठरवले आहे.

येत्या मंगळवारी मिनेसोटातल्या रुग्णालयात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया होणार आहे. हृदयातली एक भिंत वाढत्या वयाबरोबर जाड होत गेली. ती आतून तासणार आहेत. डॉक्टर म्हणाले, बहुतेक जण धडधाकट घरी जातात. त्या बहुतेकांत मी नसले तर काय, यासाठी हा कागद.

याआधी मी एक मृत्युपत्र केले होते. तेव्हा मी लहान होते आणि त्यात कुत्र्यातला माझा अर्धा वाटा बाबांना दिला होता. कुत्रा आणि बाबा दोघेही आता नाहीत. तरी ते रद्द समजावे.

कलम १. घर माझे नाही, आईचे आहे, त्यामुळे त्याविषयी मला काही लिहायचा अधिकार नाही. माझी बँकेतली शिल्लक आणि गाडी मी माझी आई डोलोरेस टेस्के हिला देते. गाडीचे मागचे डावे दार आतून उघडत नाही, हे विकताना सांगावे. खाली ज्या वस्तूंचा उल्लेख नाही त्या सगळ्याही आईच्याच.

कलम २. बाबांची हत्यारे, म्हणजे बिगुलाचे पोचे काढायच्या लाकडी हातोड्या, पोलादी गोळे आणि वाकड्या सळ्या, ‘ग्रे हेरन्स’ ढोल-बिगुल पथकाच्या बसचे चालक लिऑन मॅट्झ यांना द्यावीत. दौऱ्यावर बिगुल आपटला की पोरे त्यांच्याकडेच रडत जातात आणि ते बिचारे चमच्याच्या दांड्याने पोचा काढत बसतात.

ही हत्यारे माझी पहिली शाळा. माझे वडील अर्विन टेस्के तरुणपणी याच पथकात बिगुल वाजवत. तळघरात ते पोचे काढत आणि मी उलट्या बादलीवर बसून त्यांनी सांगितल्याप्रमाणे श्वास घेई. मला अक्षरे येत नव्हती तेव्हा चार मात्रांत श्वास भरून आठ मात्रांत सोडता येत होता. माझ्या मागून माझी धाकटी बहीण कोरीनही त्याच बादलीवर बसली. बाबा आम्हाला एकच गोष्ट परत परत सांगत, “फुंकू नका गं पोरींनो. श्वास सोडा. बिगुल त्याचं तो बघेल.”

बाबा अंगणातला बर्फ उपसताना गेले. गाव म्हणाले, ओला बर्फ फार जड असतो.

कलम ३. माझ्या खोलीत दारामागे लाकडी फळीवर सोनेरी रंग दिलेला एक प्लास्टरचा गुडघा आहे. तो मी पथकाचे बिगुल-शिक्षक डेल क्रुगर यांना देते. हे मी रागाने लिहीत आहे का, याचा दोन दिवस विचार केला. रागाने लिहीत आहे. पण कारणही लिहायला हवे, नाहीतर ते अन्यायाचे होईल.

स्पर्धा संपली की सगळी पथके मैदानावर रांगा करून सावधान उभी राहतात आणि निकाल शेवटच्या क्रमांकापासून वर वाचत जातात. तेव्हा हलायचे नाही. कानात माशी गेली तरी नाही. शेजारचा कोसळला तरी नजर समोर. मागून मोठी माणसे येतात आणि त्याला उचलून नेतात. कोसळणारे प्रत्येक उन्हाळ्यात असतात, कारण नवी पोरे गुडघे ताठ धरून उभी राहतात आणि रक्त पायांत साचते. म्हणून पथकात पाऊल टाकल्याच्या दिवशी पहिला धडा हाच: गुडघे जरासे सैल.

आयोवातल्या एका मैदानावर मी पडले. गवतावरून मला शेजारच्या मुलीचे पांढरे बूट दिसत होते. ते हलले नाहीत. तिला मी दोष देत नाही. तिच्या जागी मीही हलले नसते, आणि मला त्याचा अभिमान वाटला असता.

डेल सरांनी माझ्या तोंडावर पाणी मारले. “गुडघे ताठ केलेस ना, टेस्के? एवढे उन्हाळे काढलेस आणि नव्या पोरांसारखी पडतेस?”

“नव्हते केले, सर.”

“सगळे हेच म्हणतात. ऊठ, पावात खिमा भरून ठेवलाय, खाऊन घे.”

पुढच्या उन्हाळ्यात इंडियानात पुन्हा पडले. त्या हिवाळ्यात पथकाच्या जेवणावळीत मला तो सोनेरी गुडघा बक्षीस मिळाला. सगळे टाळ्या पिटत होते. मीही हसले. मला तेव्हा खरेच वाटत होते की मीच चुकून गुडघे ताठ करत असेन. एकविसावे वर्ष संपले, नियमाप्रमाणे पथक सुटले आणि मी ती गोष्ट विसरले. या मार्चमध्ये कारखान्यात सगळ्यांची तपासणी झाली. नव्या डॉक्टरीणबाईंनी मला आधी बसवून, मग उभे करून छाती ऐकली, आणि दार लावून घेतले.

डेल सर वाईट माणूस नाहीत. दौऱ्यावर शाळांच्या व्यायामशाळांत फरशीवर झोपायचो तेव्हा कोणाची वळकटी दाराच्या वाऱ्यात आली तर ते स्वतःची तिथे नेत. गुडघा त्यांनी नवी पोरे उभी राहतात तिथे, भिंतीवर लावावा. आणि त्याखाली कोणी पडले तर आधी दवाखान्यात न्यावे आणि मग धडा शिकवावा.

कलम ४. अंत्यविधी साधा करावा. पथक आले तर त्यांनी बाकांवर बसावे. कोणीही सावधान उभे राहू नये. कोणी कोसळलेच तर सगळ्यांनी धावावे, वाद्ये खाली पडली तरी चालतील.

कलम ५. माझा बिगुल. हा बाबांचा. पथकाने जुनी वाद्ये काढली तेव्हा त्यांनी तो घेतला, आणि मी पथकातले पाचही उन्हाळे हाच वाजवला. हा मी माझी धाकटी बहीण कोरीन रूथ टेस्के, वय अठरा, हिला एका अटीवर देते. तिने तिच्या हृदयाची ध्वनिलहरींची तपासणी करून घ्यावी आणि तिच्या छातीत माझ्यासारखे काही आहे का, हे डॉक्टरांकडून लेखी आणावे. उत्तर काहीही आले तरी बिगुल तिचा. तपासणीच केली नाही तर तिचा नाही.

हे दुखणे रक्तातून येते. डॉक्टर म्हणाले, भावंडांत निम्मी शक्यता. बाबांनाही तेच होते, असे आता सगळ्यांना वाटते.

मे महिन्यात सरावाच्या शिबिरात कोरीन पडली. हे तिने घरी सांगितले नाही. मला लिऑन मॅट्झ यांनी या आठवड्यात पेट्रोल पंपावर सांगितले, तेही हसत: “तुझी बहीण तुझ्यावरच गेलीय गं. तेच गुडघे!”

मी घरी येऊन तिला विचारले. ती जिन्यात होती. वरच्या पायरीपाशी थांबून बुटाची नाडी बांधत होती. नाडी सुटलेली नव्हती.

“ऊन होतं, मार्ली.”

“मे महिन्यात? आपल्याकडे?”

“मग गुडघे ताठ झाले असतील.”

“कोरीन, मी पण हेच म्हणत होते.”

“तू म्हणत होतीस, मी नाही. पुढच्या शुक्रवारी बस सुटते. या वर्षी मला एकटीला वाजवायचंय, सगळं पथक गप्प आणि मी एकटी. तपासणीत काही निघालं तर डेल सर मला बसमध्ये चढू देतील?”

“नाही देणार.”

“मग मला कळायला नकोय. परत आल्यावर बघू.”

पथकाला डॉक्टरची चिठ्ठी लागते. आमचे म्हातारे डॉक्टर नाडी बघतात, जीभ बघतात आणि सही करतात. तिची सही झालेली आहे.

आईला मी विचारले, तू तरी सांग. आई भांडी घासत होती. ती म्हणाली, “मंगळवार जाऊ दे. तोपर्यंत या घरात दुसऱ्या हृदयाचं नाव काढू नकोस. मला एका वेळी एकच पेलतं.” तिला मी दोष देत नाही. पण बस मंगळवारनंतर लगेच सुटते, आणि मी त्या वेळी कोणाला काही सांगू शकण्याच्या स्थितीत असेन की नाही, मला माहीत नाही.

ही अट घालणे म्हणजे मेलेल्या माणसाने जिवंत माणसाला अडवणे आहे का, हे मी स्वतःला पुष्कळ विचारले. असेल. तरी घालते.

कलम ६. तिच्या पाठीमागे तिच्याविषयी लिहिणे बरे वाटेना, म्हणून आज दुपारी हा कागद मी कोरीनला वाचायला दिला. साक्षीसाठी शेजारच्या मिसेस निमन आणि त्यांचे यजमान आले होते. मिसेस निमन यांनी जन्मभर जिल्हा कोर्टात कारकुनी केली आहे. आता जे झाले ते सहीच्या आधीच लिहिते आहे. सगळे टेबलाभोवती थांबले आहेत आणि कॉफी गार होत आहे.

कोरीनने शेवटपर्यंत वाचले. मग म्हणाली, “म्हणजे तू मेलीस तर मला बिगुल. छान. मला लाच देतेस.”

“हो,” मी म्हणाले.

“निदान नाही तरी म्हण!”

मिस्टर निमन यांनी खिशातून पेन काढले होते. तिने ते त्यांच्या हातून काढून घेतले. “साक्षीदार मी होते.”

“अगं, तुला नाही होता येत,” मिसेस निमन म्हणाल्या. “ज्याला काही मिळायचं असतं त्याने साक्षीला बसायचं नसतं. दोनच साक्षीदार, आणि त्यातली एक तू, तर तुझा वाटा गेला. बिगुल डोलोरेसकडे जाईल.”

“माझ्याकडे?” आई म्हणाली. “मला कुठे वाजवता येतो?”

“शिकशील,” कोरीन म्हणाली. “मिसेस निमन, माझा वाटा नक्की जातो ना?”

“नक्की जातो.”

“मग तेच पाहिजे. मार्ली, तू मेल्यावर मिळणारं काहीही मला नकोय. बिगुल नको, अट नको.”

“आणि तपासणी?” मी विचारले.

तिने पेनाचे टोपण काढले आणि परत लावले. मिस्टर निमन कपातली साखर ढवळत होते, ते थांबले.

“मंगळवारी शुद्धीवर आलीस की मला विचार,” कोरीन म्हणाली. “मी तिथेच असेन, पलंगाशी. तेव्हा हो किंवा नाही सांगेन. त्याआधी एक शब्द नाही.”

“मी शुद्धीवर आलेच नाही तर?”

“तर मला कोण विचारणार? म्हणून ये.”

आईने ओट्याकडे तोंड फिरवले. मिसेस निमन म्हणाल्या, “मार्लिस, हे सगळं कागदात लिहायची गरज नाही.” मी म्हणाले, लिहिते.

कलम ५ मी खोडत नाही. ते माझे म्हणणे आहे आणि तसेच राहील. कोरीनच्या सहीने ते निकामी होईल हे मला समजले आहे आणि मान्य आहे. वरील मजकूर मी साक्षीदारांसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना मध्ये दोनदा थांबले. ते दमल्यामुळे, मजकुरात बदल करायचा होता म्हणून नाही.

मृत्युपत्र करणार:
मार्लिस ॲन टेस्के

आम्ही खाली सह्या करणाऱ्यांनी मार्लिस हिला सही करताना समक्ष पाहिले, आणि तिने आम्हाला.

साक्षीदार १: एड्ना निमन, निवृत्त कारकून, शेजारी

साक्षीदार २: कोरीन रूथ टेस्के, बहीण. मला या कागदातून काहीही घ्यायचे नाही. मंगळवारचे उत्तर माझ्याकडे तयार आहे.

ठिकाण: पोर्ट ऑल्डन, विस्कॉन्सिन
दिनांक: शनिवार, ९ जून १९८४