परत आलेली बरणी

आई, परवा मी एका कामाला हो म्हणून बसले आणि तेव्हापासून मला तुझ्याशी भांडावंसं वाटतंय. गावाच्या वेबसाइटसाठी गावाची ओळख करून देणारं एक पान लिहायचंय. कमिटीच्या अध्यक्षबाई दारात आल्या होत्या, हातात स्वतःच्या बागेतले प्लम्स. तू त्यांना ओळखतेस. तेव्हा त्या अध्यक्ष नव्हत्या, नुसत्या गावच्या हॉलच्या किल्ल्या सांभाळायच्या. म्हणाल्या, "यू राइट सो ब्युटिफुली, डार्लिंग." माझं लिहिलेलं त्यांनी कुठे वाचलंय देव जाणे, मी ऑफिसच्या ईमेल्सखेरीज काही लिहीत नाही. पण प्लम्स हातात घेतल्यावर नाही म्हणता येत नाही, ही इथली रीत एव्हाना माझ्याही अंगात मुरली आहे. जाता जाता म्हणाल्या, त्या पानावर तुझ्याबद्दलही एक परिच्छेद हवा, त्याचा मजकूर त्याच पाठवतील. तो काल आला. तुझ्याबद्दल त्या पानावर काय राहणार, एवढाच आता प्रश्न आहे, आणि तो मला सुटत नाही. म्हणून हे तुला मराठीत लिहितेय, तू किचनच्या टेबलाशी बसवून शिकवलेल्या मराठीत. गावात हे कुणाला वाचता येणार नाही, हाही एक फायदा.

इंग्लंडमधल्या गावाची ओळख म्हणून काय लिहायचं असतं ते मला पाठ आहे. मिल्टन कीन्स शहरातले राउंडअबाउट्स एकदाचे संपले की एक अरुंद रस्ता दोन्हीकडच्या झुडपांमधून आत येतो, आणि समोरून ट्रॅक्टर आला तर आपणच मागे जायचं. मग चर्च, तळं, तळ्यात बदकं, आणि गवती छपरांची ती घरं, ज्यांचे फोटो काढायला लोक रविवारी गाड्या थांबवतात. पब मध्यंतरी बंद पडला होता, तो पुन्हा उघडलाय, पण आता तिथे चिप्स छोट्या बादलीत घालून देतात. शाळा विकली, तिची घरं झाली. 'द ओल्ड स्कूल' ही पाटी मात्र दिमाखात आहे. लाल टेलिफोन बूथमध्ये आता जुनी पुस्तकं ठेवतात. तुझी आठवड्यातून दोनदा येणारी बस आता येतच नाही. इथे कुणी कुणाशी भांडत नाही, कुणी कुणाकडे न सांगता जात नाही, आणि जाणारी प्रत्येक गाडी आपल्याला हात दाखवते. दुरून डोंगर साजरे म्हणतात. हा डोंगर जवळूनही साजराच दिसतो, फक्त वर चढायला वाट नाही. हे शेवटचं वाक्य अर्थातच वेबसाइटवर चालणार नाही.

बाबांना हे गाव आवडलं, कारण मिल्टन कीन्समध्ये त्यांना सगळे रस्ते एकसारखे वाटायचे आणि स्वतःचं घर सापडायचं नाही. "गाव करी ते राव न करी," असं म्हणून त्यांनी इथे घर घेतलं. मग रोज सकाळी ते एकुलती एक गाडी घेऊन ऑफिसला जायचे, मी शाळेच्या बसमध्ये बसायची, आणि गाव म्हणून जे काय होतं ते सगळं तुझ्या एकटीच्या वाट्याला यायचं. तुला ड्रायव्हिंग शिकवायचं त्यांचं राहून गेलं ते गेलंच. त्यांच्यावरचा राग वेगळा आहे, तो आज काढत नाही.

तुला पहिल्यांदा कुणीतरी हॉलमधल्या सप्टेंबरच्या शोबद्दल सांगितलं तेव्हाचा तुझा चेहरा मला आठवतो. लांब टेबलांवर पांढरा कागद, त्यावर ओळीनं लावलेले कांदे, पोराच्या पायाएवढे दुधीसारखे मॅरो, स्पंज केक, जॅमच्या बरण्या. ज्याचं त्यानं घरी केलेलं आणून ठेवायचं, बाहेरगावचे जज येणार, चाखणार आणि नंबर देणार. "अगं, हे तर आपल्यासारखंच आहे," तू म्हणालीस. आपल्यासारखं म्हणजे कसं, हे तेव्हा मी विचारलं नाही. तुझ्या डोक्यात बहुधा पाटावर मांडलेला रुखवत असावा. तू लिंबाचं गोड लोणचं घालायचं ठरवलंस, आजीच्या पद्धतीचं, उपवासाला चालणारं. बाबा शनिवारी मार्केटात नेतील तेव्हा पातळ सालीची लिंबं शोधायचीस. मग ती बरणी घरभर उन्हामागे फिरायची: सकाळी किचनच्या खिडकीत, दुपारी जिन्यात, संध्याकाळी माझ्या खोलीत. माझ्या अभ्यासाच्या पुस्तकांशेजारी लिंबं मुरत असायची आणि मी मैत्रिणींना वर यायला मनाई करायची.

पहिल्या वर्षी तू ते 'चटणी' या वर्गात ठेवलंस. जज बाईंनी बरणी उजेडात धरली, आत फोडी दिसल्या, चटणीत त्या चालत नाहीत, आणि बरणीसमोर एक पांढरं कार्ड उभं केलं: 'नॉट ॲकॉर्डिंग टू शेड्यूल'. नियमात बसत नाही. ज्या बरणीसमोर ते कार्ड येतं ती उघडत नाहीत. चांगलं आहे की वाईट, हा प्रश्नच उरत नाही. पुढच्या वर्षी तू 'पिकल'मध्ये ठेवलंस, तर पिकलला व्हिनेगर लागतं. त्याच्या पुढच्या वर्षी गोड आहे म्हणून जॅमच्या टेबलावर, तर लेबलवर तू इमानदारीत मीठ लिहिलेलं. एकदा पदार्थावरून कुणी काही बोलेना, तेव्हा झाकण आडवं आलं, कारण त्यावर कॉफीच्या कंपनीचं नाव होतं. आणि एकदा तू झाकणाऐवजी पांढरं फडकं बांधून नेलंस, जसं तुमच्या घरी बांधायचे, तर फडक्याला तर नियमच नव्हता. दर वर्षी बरणी तशीच परत यायची आणि आपण ती वर्षभर खायचो. खरं सांगू, तेच लोणचं सगळ्यात चांगलं लागायचं.

एका वर्षी मी जजसमोर जाऊन उभी राहिले. बारा-तेरा वर्षांची असेन, इंग्रजी तर त्यांच्यापेक्षा चांगलं बोलायला लागले होते. म्हटलं, तुम्ही फक्त एकदा चाखून बघा, नंबर नका देऊ. त्या बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आय ॲम शुअर इट्स डिलिशस, डिअर. बट रूल्स आर रूल्स." आजूबाजूच्या सगळ्या हसल्या, अगदी प्रेमानं. तू मला दंडाला धरून बाहेर काढलंस. तळ्यापाशी आणलंस, बरणी काखेत.

"चाखा म्हणून कुणाच्या विनवण्या करायच्या नाहीत," तू म्हणालीस. "भीक मागितल्यासारखं."

"मग तू दर वर्षी कशाला नेतेस?"

"मी ठेवायला नेते. चाखायचं की नाही ते त्यांचं त्यांनी बघावं."

"त्यांच्या पुस्तकातली टोमॅटोची चटणी कर ना मग. सगळे तीच करतात."

"ती त्यांच्याकडे आहे की. ती मी कशाला घेऊन जाऊ?"

त्यावर मी घरी येऊन दार आपटलं, आणि संध्याकाळी तू पोळीबरोबर तेच लोणचं वाढलंस. तेव्हा वाटलं, ही बाई हट्टी आहे. आता वाटतं, त्या हॉलमध्ये तू एकटीच शहाणी होतीस, आणि शहाणी असून तुझा काही उपयोग झाला नाही.

बरं, वाईट माणसं असती तर सोपं गेलं असतं. बाबांच्या छातीत दुखलं तेव्हा शेजाऱ्यांनी ॲम्ब्युलन्सची वाट न बघता त्यांना स्वतःच्या गाडीतून नेलं. बर्फ पडला की दारात दूध असायचं. आणि तुझं कौतुक तर किती! शोच्या दिवशी हॉलच्या मागच्या किचनमध्ये दिवसभर चहाचे कप कोण विसळायचं? तू. तुझी बरणी पुढे टेबलावर पांढऱ्या कार्डामागे, आणि तू मागे सिंकमध्ये कोपरापर्यंत फेसात. "युअर मम इज सच अ ट्रेझर," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मला त्या शब्दाचा वीट आलाय. तुझे हात त्यांना हवे होते. त्या हातांनी केलेलं मात्र कुणी तोंडात घातलं नाही. तू गेलीस तेव्हा अख्खं गाव आलं, काळे कपडे घालून, आणि प्रत्येकीच्या हातात झाकलेला लझान्या. माझा फ्रीज भरला. मी ते सगळं खाल्लं, एकूण एक, कारण अन्न टाकायचं नाही हे तुझंच शिक्षण. कुणाच्या लझान्याला मी शेड्यूल विचारलं नाही.

तर तो परिच्छेद. अध्यक्षबाईंनी लिहिलंय की गावातलं पहिलं भारतीय कुटुंब आपलं, आणि गावानं आपल्याला पहिल्या दिवसापासून आपलंसं केलं. पुढे लिहिलंय: 'तिच्या प्रसिद्ध चटणीवर सगळं गाव खूश असायचं, आणि दर सप्टेंबरला आम्ही तिच्या बरणीची वाट बघायचो.' मी वाचलं आणि लॅपटॉप बंद केला. मग उघडला. मग कोट चढवून सरळ त्यांच्या घरी गेले, न सांगता. दारातच विचारलं, "तुम्ही खाल्लं होतंत का कधी, आईचं ते?"

"ओह, एव्हरीबडी डिड!" त्यांचे डोळे चमकले. "अ बिट स्पायसी फॉर मी, बट लव्हली. ॲब्सोल्यूटली लव्हली."

आई, तुझ्या त्या लोणच्यात मिरची नावालाही नव्हती. साखर, मीठ, जिरं आणि लिंबं. लहान पोरंसुद्धा बोटानं चाटतील असं. मी हे त्यांना सांगणार होते. वाक्य जिभेवर आलं होतं. पण त्या खोटं बोलत नव्हत्या गं. चेहऱ्याकडे बघून कळत होतं, त्यांना खरंच आठवत होतं. कुठल्यातरी रेस्टॉरंटमधली कुठलीतरी आंबट-तिखट चव त्यांनी तुझ्या नावावर ठेवून दिलीय आणि ती इतकी वर्षं प्रेमानं जपलीय. मी भांडायला गेले होते आणि त्यांनी मला आत बोलावून चहा पाजला. कप त्यांनी स्वतः विसळले, एवढं मात्र मी बघून ठेवलं.

घरी येऊन खरं काय ते लिहिलं. की माझी आई दर वर्षी लोणचं घेऊन त्या हॉलमध्ये गेली आणि ते कुणी चाखलं नाही. साधं वाक्य आहे, इंग्रजीतही साधंच झालं. त्याच्याकडे बराच वेळ बघत बसले. तू असतीस तर म्हणाली असतीस, कशाला, आता काय ते माझं तोंड बघणार आहेत? आणि ते वाक्य वाचून सगळ्यांना वाईट वाटलं असतं, त्यांनी माझ्या दारात आणखी प्लम्स आणले असते, आणि पुढच्या शोमध्ये तुझ्या नावानं एखादा कप ठेवला असता, तोही नियमांसकट. माझी मुलगी इथूनच शाळेच्या बसनं जाते. पण तिचं नाव पुढे करून मी सुटणार नाही, कारण ते वाक्य मी शेवटी पुसलं, ते तिच्यासाठी नव्हे.

पान आत्ताच पाठवून दिलं. 'आपलंसं केलं' हे मी काढलं, ते माझ्याच्यानं ठेववेना. 'चटणी' खोडून 'लोणचं' केलं, रोमन अक्षरांत, उच्चार करताना अडखळू देत. बाकी अध्यक्षबाईंचं ते वाक्य आहे तसं आहे. खोटं आहे, मला माहीत आहे, आणि तुला तर माहीत आहेच, म्हणून हे पत्र कुठे पाठवायची सोय नाही ते एका परीनं बरंच झालं. पण या सगळ्या गावानं तुझं लोणचं खाल्लंय, हे जगात फक्त त्या एका वाक्यात झालंय. तेवढं मला खोडता आलं नाही.