कुंडीतला दगड

१४ मार्च, शुक्रवार

प्रिय छोट्या,

अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. डंपरवाले काका उद्या तुझ्या नव्या ऑफिसकडे खडी घेऊन निघालेत, त्यांच्या हाती हे पाकीट देते आहे. जेवणाखाणाची सोय नीट आहे ना? खोलीला खिडकी आहे का? तुला बंद खोलीत झोप येत नाही, हे त्या साहेबांना कोण सांगणार?

आईचा गुडघा बरा आहे, म्हणजे ती बरा म्हणते. मोरीचा नळ अजून गळतोय. तुझे भावजी तो दुरुस्त करणार होते, त्यांचा पाना तिथेच मोरीच्या कट्ट्यावर पडलाय. परवा आई तो उचलायला गेली तर मी तिच्यावर अशी खेकसले की शेजारीण डोकावून गेली. आई रोज विचारते, "छोट्या का गं येत नाही?" मी सांगते, साहेबांनी तडकाफडकी बदली केली, तो तरी काय करणार. ती म्हणते, "बहिणीवर एवढं आभाळ कोसळलं आणि बदली कसली?" म्हातारी भोळी आहे, पण इतकीही नाही.

आपल्या खाणीतल्या ड्रिलवाल्या पैलवानाची बायको रोज येते. सकाळी दाराबाहेर बसते, दुपारी उठून जाते. एक शब्द बोलत नाही. पहिल्या दिवशी मी तिला ओरडले, "तुझ्या नवऱ्यानं माझा माणूस खाल्ला, आता माझा उंबरा खायला आलीस?" आणि ढकललं तिला. पायरीवर आपटली, ओठ फाटला. रक्त पुसलं आणि पुन्हा तिथेच बसली. तेव्हा मला जराही वाईट वाटलं नाही, छोट्या. बरं वाटलं.

मग ती एकदाच बोलली. म्हणाली, चौकीत त्याची बोटं मोडली. ड्रिल धरायच्या हाताची, एकेक करून. आणि तो अजूनही म्हणतोय, "मी दगड मारला नाही. दादांनी मला मागून दोन्ही हातांनी कवळा घातला होता, मला ओढून बाजूला नेत होते, तेवढ्यात ते माझ्याच अंगावर कोसळले." दादा म्हणजे तुझे भावजी. सगळी खाण त्यांना दादाच म्हणायची. मी तिला म्हटलं, खोटारडा आहे तुझा नवरा, माझ्या भावानं डोळ्यांनी पाहिलंय. आणि दार आपटलं तिच्या तोंडावर.

त्या दिवसाचं तुला नव्यानं काय सांगायचं, तू ऑफिसच्या गच्चीवरून बघतच होतास. पण मी खालून काय पाहिलं तेही ऐक. आदल्या आठवड्यात सुरुंगाचा दगड उडून पत्र्यावर पडला होता आणि खाली भाकरी खात बसलेला हमाल जागच्या जागी गेला होता. माणसं काय मागत होती? सुरुंग उडवायच्या आधी भोंगा वाजवा. बस, एवढंच! साहेबांनी त्याऐवजी गेटला कुलूप घातलं आणि काठ्यावाले आणले. पहिला दगड कुणी मारला देव जाणे. मग दोन्हीकडून नुसता मारा सुरू झाला. मी दगड तपासते त्या टेस्टिंग रूमची काच माझ्या तोंडावर फुटली. एका बाईला केसांना धरून खडीवरून फरफटत नेलं, तिची पाठ सोलून निघाली. पैलवान ड्रिलचा दांडा घेऊन धावला आणि त्यानं एका काठ्यावाल्याचा जबडा फोडला. ते मी पाहिलं, खोटं कशाला सांगू? हे लोडर बंद करून खाली उतरले, दोन्ही हात वर करून मध्ये घुसले. "अरे थांबा रे, माणसं मरतील!" असं ओरडत होते. पुढे धुळीत काही दिसेना. धूळ बसली तेव्हा हे खाली पडलेले, आणि शेजारी पैलवान उभा, हातात दांडा.

मी धावत गेले. डोकं टाळूवर फुटलं होतं. मी दोन्ही तळव्यांनी दाबून धरलं तरी बोटांमधून रक्त येतच राहिलं. समोरच्या माणसानं मारलेला दगड टाळूवर कसा पडेल, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. बाजूला दगड पडला होता, मुठीएवढा, रक्तानं माखलेला. ह्यांना गाडीत घालताना मी तो उचलला, खिशातल्या नमुन्याच्या पिशवीत टाकला आणि वर चिठ्ठी बांधली. वेडीच म्हण! नवरा मरतोय आणि बाई नमुना घेतेय. इतकी वर्षं दगड तपासून हातांना दुसरं काही सुचतच नाही. पोलीस संध्याकाळी आले आणि रक्ताच्या थारोळ्यातला भलताच एक दगड उचलून घेऊन गेले.

दवाखान्यात तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलास. "ताई, मी वर होतो, सगळं पाहिलं. पैलवानानंच मारला." तू खरोखर रडत होतास. तुझे अश्रू मला कळतात, लहानपणापासून मीच पुसलेत.

आता मुद्द्यावर येते. इतकं लिहिलं तरी मुद्द्यावर यायला हात धजत नाही.

या सोमवारी मी पुन्हा कामावर रुजू झाले. ती पिशवी त्या दिवशी ठेवली तशी फळीवरच होती. बघितली आणि डोक्यात सणक गेली. म्हटलं, याचा चुरा करते, पीठ करते, आणि पैलवानाच्या बायकोच्या तोंडावर फेकते. हातोडा घेतला आणि हाणला. पहिल्याच घावाला एक कपची उडाली, आणि आतून दगड पांढराशुभ्र निघाला.

मी कपची उचलून उजेडात धरली.

तू नेहमी हसायचास मला. "ताई, दगड तो दगड. त्यात काय शिकायचं असतं?" आज शीक. दगडांच्या तीन जाती असतात. एक आगीची. जमीन फाटते, आतला रस उकळत बाहेर येतो, गावंच्या गावं गिळत जाईल असा, आणि बाहेर येऊन लवकर गार होतो, म्हणून त्यात कण दिसत नाहीत. नुसता काळा घट्ट, मधून मधून वायूचे बुडबुडे अडकून राहिलेली भोकं. आपली अख्खी खाण त्याचीच आहे. गेटच्या आत तुला दुसरा दगड सापडायचा नाही. दुसरी जात गाळाची. नदी डोंगर खरवडून आणते, वाळू थरावर थर बसते, वरच्या थरांच्या ओझ्याखाली चेपून तिचा दगड होतो. गेटबाहेरच्या रस्त्याच्या कडेला तोच लावलाय, पिवळसर. बोट फिरवलं तरी वाळूचे कण हाताला लागतात.

तिसरी जात रूपांतराची. यात दगड वितळत नाही. जमिनीच्या पोटात खोल दाबला जातो, भाजला जातो, वर्षानुवर्षं, सुटका नाही. चुनखडीचं असं होतं तेव्हा तिच्यातले शिंपले, तिचे थर सगळं चिरडून जातं आणि तिचा संगमरवर होतो. फोडला की साखरेसारखा चमकतो. रूप पार पालटतं, पण आतला चुना जात नाही. आम्लाचा थेंब टाकला की फसफसतो. काळ्या दगडावर तोच थेंब टाक, ढिम्म.

मी त्या कपचीवर थेंब टाकला. फसफसली. पुन्हा टाकला. पुन्हा फसफसली. पाच मिनिटं वेड्यासारखी टाकत बसले, एकदा तरी गप्प बसेल म्हणून.

संगमरवर ना गेटच्या आत आहे ना बाहेर. तो एकाच ठिकाणी आहे, ऑफिसच्या गच्चीवरच्या कुंड्यांत. बाईसाहेबांना हौस होती म्हणून गोटे मीच निवडून दिले होते. क्रशरची धूळ बसून बसून ते काळे पडलेत, तुलाही तो खाणीतलाच दगड वाटला असणार. क्रशरजवळ सगळं एकाच रंगाचं होतं, माणसंसुद्धा. म्हणून तर आम्ही फोडल्याशिवाय कुठल्याच दगडाला नाव देत नाही.

आणि गच्चीच्या दाराला तू गच्चीच्या बाजूनं कडी घातली होतीस. वर मी एकटाच होतो, म्हणून मला नीट दिसलं, असं तूच पोलिसांना लिहून दिलंस. मेल्या, तूच!

कळल्यावर मी काय केलं माहीत आहे? नमुन्यांची अख्खी मांडणी ओढून पाडली. हातोड्यानं वजनकाटा फोडला. तू समोर असतास तर तुझं डोकं फोडलं असतं, आईची शपथ. शिपाई धावत आला आणि मला बघून बाहेरच थांबला.

तुला ह्यांना मारायचं नव्हतं, हे मला कळतं. तुझा नेम पैलवानावर होता. हे त्याला कवळा घालून ओढत होते, म्हणून मध्ये आले. पैलवान खरंच बोलत होता. तुझा नेम कधी धड होता? डबा मांडून आपण दगड मारायचो, तू डबा सोडून शेजाऱ्यांची काच फोडायचास आणि बाबांना माझं नाव सांगायचास. बाबांचा पट्टा मी पाठीवर घ्यायचे. मला काही वाटायचं नाही, कारण तू छोटा होतास आणि मी तुझी ताई होते. पण पैलवान तुझी ताई नाही, छोट्या. त्याच्या बायकोनं माझ्या पायरीवर रक्त सांडलंय आणि ते मी सांडलंय. आज सकाळी मी तिला आत घेतलं, तिच्या ओठाला मलम लावलं. तिनं काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, तुझ्यासाठी थांबले.

येत्या सोमवारी कोर्टात पैलवानाला आणणार आहेत. त्याच्या आत तू चौकीत जा आणि आपल्या तोंडानं सांग. दगड हातून गेला, नेम चुकला, जे खरं आहे ते सगळं सांग. मी तुझ्याबरोबर येईन. तुझ्या शेजारी बसेन, तुला मारू लागले तर मध्ये पडेन. एवढं अजून उरलंय माझ्यात. तू नाही गेलास, तर कोर्टात मी उभी राहीन. रक्ताचा दगड माझ्याकडे आहे, आम्लाची बाटलीही आहे. साहेबांच्या वकिलाला म्हणावं, घे, तूच थेंब टाक.

आईला अजून काही सांगितलेलं नाही. जावई तर गेलाच, आता मुलाचं मी तिला कुठल्या तोंडानं सांगू? ते तू सांगशील. ते माझ्यावर ढकलू नकोस.

पाकिटात ती कपची ठेवली आहे. विश्वास नसेल तर सुरीनं जरा खरवड आणि त्यावर व्हिनेगर टाकून बघ.

पत्राच्या सुरुवातीला सवयीनं "अनेक आशीर्वाद" लिहून गेले. खोडायला पेन टेकवलं होतं, ठिपका दिसेल तुला. सोमवारपर्यंत ते राहू देते.

ताई