मुनीमचा डावा कान

लासलगाव, ३ जून २०२४

चि. उज्वला हिस चंद्रभागाआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू लगेच रडतेस आणि मग मला भांडता येत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.

आपला पिकअपवाला हिरामण नाशकात कांदा उतरवून येताना तुझ्या कुत्र्यांच्या पार्लरमधून मुनीमला घेऊन आला. कुत्रं लय स्वच्छ झालंय. डाव्या कानावर गुलाबी रिबिनीचं फूल होतं. आज ते सोडलं, तर खाली कानाचं टोकच नाही. हिरामणला विचारलं, तर त्याला ती फॅशन वाटली होती.

पुढच्या महिन्यात माझं बायपासचं ऑपरेशन आहे. तेव्हा मुनीमला तुझ्याकडे ठेवायचं ठरलंय, म्हणून तर ही आंघोळ म्हणजे तुझी परीक्षा होती. आमच्या मार्केटात कांद्याची ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामी झाली की पुढचं नुकसान त्याचं. तुमच्या धंद्यात काय पद्धत आहे ते कळव.

माझ्या तब्येतीची काळजी करू नकोस, त्यासाठी डॉक्टर आहेत.

तुझी रागावलेली,
आत्या

नाशिक रोड, ७ जून २०२४

ती. आत्यास उज्वलाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचूनही रडले, फक्त तुला ऐकू आलं नाही.

कात्री माझ्याकडे कामाला असलेल्या कुंदनच्या हातात होती. शेजारी ड्रायर सुरू झाला आणि मुनीमने मान झटकली. पण दुकानावर पाटी माझ्या नावाची आहे, तेव्हा जबाबदारी माझी. डॉक्टरांकडे लगेच नेलं होतं. जखम भरेल, टोक येणार नाही. रिबीन मात्र मी माझ्या हाताने बांधली, कारण तुला सांगायची हिंमत नव्हती. त्याची मला जास्त लाज वाटते.

एरवी मी मालकासमोर कुत्र्याचे कान-पाय उचलून बघते, चावतो का, कशाला घाबरतो, सगळं विचारते. मुनीम घरचाच, आत्याला काय विचारायचं, म्हणून हिरामणच्या हातून घेऊन सरळ टबात घातला. तो ड्रायरला एवढा का घाबरला गं? ऑपरेशनच्या वेळी त्याला दुसरीकडे ठेवलंस तरी मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण सांगणार नाही.

राग निवला की आशीर्वाद पाठव.

तुझी,
उज्वला

लासलगाव, १२ जून २०२४

चि. उज्वला हिस अ. आ.

राग अजून आहे. पण निम्मा दोष माझ्याकडे घेते. मागे कांदा साठवायच्या चाळीत मोठ्या पंख्यात मुनीमची शेपटी सापडली होती. तेव्हापासून तसल्या आवाजाने तो वेडापिसा होतो. घरच्या पोरीला काय सांगायचं, म्हणून मी निरोप धाडला नाही. शेपटी एवढी आखूड का, हे तूही कधी विचारलं नाहीस.

मार्केटात सख्ख्या भावाची ट्रॉली आली तरी व्यापारी आत हात घालून माल बघतो. त्याचं कोणाला वाईट वाटत नाही. आपण दोघी मात्र नात्याची भीड धरून बसलो आणि कुत्र्याचा कान गेला.

मुनीम तुझ्याकडेच राहील. मी स्वतः घेऊन येते. माझ्यासमोर त्याला तपास, सगळं विचार. मलाही एक विचारायचंय, आणि ते फोनवर मला जमलं नसतं. मी ऑपरेशनमधून परत आले नाही, तर मुनीम कोणाचा? रात्रीची झोप याच गोष्टीने उडाली आहे. स्पष्ट लिही, रडू नकोस.

तुझी,
आत्या

नाशिक रोड, १७ जून २०२४

ती. आत्यास सा. न. वि. वि.

माझा.

ड्रायर लावणार नाही, टॉवेलने पुसेन. त्याला वाळायला दिवस गेला तरी चालेल. कुंदनलाही शेपटीची गोष्ट सांगितली आहे.

आता आमच्या दुकानाची पद्धत ऐक. कुत्रं ज्याने आणून सोडलं, त्याच्याच हातात परत देते. तेव्हा ऑपरेशननंतर त्याला न्यायला हिरामणला पाठवू नकोस, मी देणार नाही. तू ये, मुनीमचे कान-पाय उचलून नीट बघ, आणि मग घेऊन जा.

तोवर तुझी वाट बघत असू, मी आणि तो.

तुझी,
उज्वला