शंभराव्या दिवसाचा फोन

६ जानेवारी

नव्या नोकरीचा पहिला दिवस. अठरा वर्षं वॉर्डात नर्स म्हणून उभी राहिले, शेवटी कंबरेने संप पुकारला आणि मी खुर्चीवर आले. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टला लागून. दोन लोखंडी कपाटं, एक टेलिफोन, एका हाताची खुर्ची, आणि खिडकीतून दिसणाऱ्या वाळत घातलेल्या चादरी. मला खोली आवडली.

काम असं: इथे बोन मॅरो, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा गर, बदललेल्या पेशंटचं पुढे काय झालं ते नोंदवायचं. मॅरो चढवला तो दिवस शून्य. तिथून मोजत शंभराव्या दिवशी, आणि मग वर्षाने, फोन करून सात प्रश्न विचारायचे. आंघोळ स्वतः करता का, जेवण जातं का, किती चालता, असे. शेकडा किती जगले आणि कसे जगले, यावर आमच्या विभागाचं नाव चांगलं की वाईट ते ठरतं.

ही नोकरी धरण्याचं खरं कारण ताई. तिचा आज चोविसावा दिवस. मॅरो माझा. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, त्यामानाने मी तिला फार काही दिलं असं नाही. ती आणि भावोजी इस्पितळामागच्या गल्लीत खोली घेऊन राहिलेत. हल्ली ताई उलट उत्तरं देते. भावोजी म्हणतात, मॅरोबरोबर धाकटीचा हट्टही चढवला की काय, डॉक्टरांना विचारायला हवं.

१५ जानेवारी

मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. मार्चअखेर तपासणीची माणसं येणार. गेल्या दोन वर्षांतले एकोणीस फॉर्म ‘संपर्क नाही’ म्हणून पडलेत, ते दिसायला वाईट दिसतं. शोधा म्हणाले. रेकॉर्डवाल्या बाईंनी नियम सांगितला: माणूस स्वतः फोनवर बोलला की जिवंत लिहायचं, दुसरा पुरावा मागायचा नाही.

जेवणानंतर पहिला फोन एका शिंप्याला लावला. पहिल्याच घंटीला उचलला. बिचारा मोकळेपणाने बोलला. आंघोळीला पाणी गरम मिळत नाही. भूक नाही. चालतो, पण कॉरिडॉर संपतो तिथवरच. मी जिवंत लिहिलं.

२२ जानेवारी

एकोणिसांतले अकरा सापडले. सगळे पहिल्या घंटीला उचलतात, जणू फोन मांडीवर घेऊनच बसलेत. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मीही जरा फुगले. संध्याकाळी ताईला सांगितलं तर म्हणाली, एवढे सगळे एकदम सापडले, मग आधीची बाई काय झोपा काढत होती?

२८ जानेवारी

शिंप्याची बायको कुठल्याशा दाखल्याला कागद हवेत म्हणून आली. हातात मृत्यूचा दाखला. नवरा चौदा महिन्यांपूर्वी घरीच गेला.

मी म्हटलं, अहो, मी बोलले त्यांच्याशी. बोलायला नको होतं, पण तोंडातून गेलं. ती खुर्चीवर बसली. तो फोन कपाटात बंद पडून आहे म्हणाली. मग विचारलं, काय बोलले. मी पाण्याचं आणि भुकेचं सांगितलं. ती पिशवी उचलून निघाली. जाताना दारात थांबून म्हणाली, “पुन्हा फोन लावू नका. आणि लावलाच, तर मी विचारलंय म्हणून सांगा.”

ती गेल्यावर मी लावला. पहिली घंटी. बायकोचा निरोप दिला. मग सरळच विचारलं, तुम्ही गेलात ना? तो म्हणाला, “तुम्ही जिवंत लिहिलंत ना, बाई? मग जायचं कसं?”

बाकीचेही तिथेच बाकावर बसलेत म्हणाला. नंबर लागेल म्हणून वाट बघतात.

३ फेब्रुवारी

चार दिवस खोलीत पाऊल टाकलं नाही, तापाची रजा काढली. पण असं किती दिवस पळणार? आज येऊन शिंप्याच्या फॉर्मवरचं ‘जिवंत’ खोडलं, दाखल्यावरची तारीख घातली, खाली सही केली. मग त्याचा नंबर लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही.

बाकी दहांच्या नातेवाइकांना शोधलं. सहा जण गेलेले निघाले, चौघे खरंच जिवंत. सहा तारखा लिहिल्या. सहाही नंबर एकेक करून बंद झाले. शेवटची एक शाळेत शिकवणारी होती. मी लिहीत असताना फोन चालूच होता. तिने बरं म्हटलं, आणि मग पलीकडे काहीच उरलं नाही.

मोठ्या डॉक्टरांना आकडे दाखवले. तोंड उतरलं त्यांचं. पण माणूस सरळ आहे. खरं तेच लिहा, मान खाली घालू, म्हणाले.

१२ फेब्रुवारी

ताईला ताप. एकसष्टावा दिवस. वॉर्डात घेतलं. जंतू रक्तात गेलाय. अशा तापाची मी शेकड्याने माणसं पाहिलीत, म्हणून मला कुणी खोटं सांगू शकत नाही. भावोजींना मात्र मी खोटं सांगितलं.

१९ फेब्रुवारी

तिच्या तोंडात फोड आलेत, पाणी गिळवत नाही. मी चमच्याने ओठ ओले करते. आज म्हणाली, फार कोरडं वाटतं गं.

२४ फेब्रुवारी

ताई गेली. सकाळी दहा वीसला. त्र्याहत्तरावा दिवस.

४ मार्च

कामावर आले. तिचा फॉर्म माझ्याच टेबलावर आहे. अजून कोरा. सात पेशंटना मी नीट पोचवलं, तेही न डगमगता. माझ्या माणसाचा एक फॉर्म लिहिता येत नाही. नुसतं बघावं म्हणून तिचा नंबर लावला. खरंच, नुसतं बघावं म्हणून.

पहिल्या घंटीला उचलला. “जेवलीस का?” ताईने विचारलं.

मी जिवंत लिहिलं.

९ मार्च

रोज दुपारी बोलते. ती माझी चौकशी करते, कंबरेची, भावोजींच्या जेवणाची. सात प्रश्न विचारले की मात्र म्हणते, गार आहे इथे. पाणी कुणी देत नाही.

भावोजी आले होते. कुणाशी बोलतेस म्हणाले. तिचा फोन त्यांच्या वरच्या खिशातच होता, बंद. मी पेशंट आहे म्हटलं.

१४ मार्च

आज ती रडली. आयुष्यात कधी माझ्यासमोर रडली नव्हती. म्हणाली, बाकी सगळं थांबलंय, पण तू दिलेलं थांबत नाही. हाडात अजून रक्त बनतंय, आणि ते जायला जागा नाही. दुखतं म्हणाली. तरी मी फॉर्मला हात लावला नाही. उद्या बोलू म्हटलं. काय माणूस आहे मी.

१६ मार्च

मोठ्या डॉक्टरांनी हळूच विचारलं, ताईचा फॉर्म जमत नसेल तर मी लिहू का. नको म्हटलं. शंभराव्या दिवशी भरायचा असतो, नियम आहे, मीच भरीन. 

कमरेच्या हाडात कळ येते. मॅरो काढला तिथेच. तिला दुखतं तेव्हा.

१९ मार्च

बाहेर बाकावर कुणीतरी बसतं. दाराखालून पाय दिसतात. वॉर्डातल्या सपाता. मी उठून दार उघडलं नाही. उघडलं आणि ती खरंच—

त्यापेक्षा फोन बरा. फोनवर ती आजारी दिसत नाही.

२१ मार्च

आवाज बारीक झालाय. प्रत्येक शब्दाआधी थांबते. सोड म्हणाली. मी म्हटलं, मग मी कुणाशी बोलू?  मी रडत होते.

कळ आता दोन्ही बाजूंना.

२३ मार्च

शंभरावा दिवस. दुपारचे दोन. डावीकडे वही, उजवीकडे फॉर्म, कानाला फोन. बाकावर कुणी नाही. ती आत आली आहे. मागे उभी आहे, खुर्चीला हात नाही त्या बाजूला. मी वळून बघत नाही.

‘जिवंत’ खोडलं. 

माझ्या हातावर हात. गार. अ गिरवताना धरायची तस्सा. फोनमध्ये नाही, कानाशी म्हणाली, “आधी तारीख लिही. मग रड.”

दोन. चार. अक्षर तिचं आहे, माझं नाही.

महिना राहिला. तो लिहिला की बंद होणार सगळं. लिहिते. लिहितेय ताई. फक्त एकदा वळून तुला—