कॅक्टसला पाणी कोणी घातलं

शनिवार, ५ एप्रिल

प्रिय भुंग्या,

शुक्रवार, १४ मार्च, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. पस्तीस वर्षं प्रयोगशाळेत रक्ताच्या बाटल्यांवर वेळ लिहिण्यात गेली, त्यामुळे ही वेळही आपोआप नोंदली गेली. त्या वेळी माझ्या बाहेरच्या खोलीत उभं राहून तू मला सांगितलंस की कॅक्टसला तू फक्त दोनदा पाणी घातलंस. गुडघ्याचं ऑपरेशन करून सव्वीस दिवसांनी मी लेकीकडून परत आले होते, हातात काठी होती आणि समोर माझा अकरा वर्षांचा कॅक्टस बुडाशी तपकिरी होऊन दारुड्यासारखा एका बाजूला कलला होता. मग मी जे बोलले ते बोलले. तेव्हापासून तीन आठवडे तू फिरकला नाहीस आणि फोन वाजला की कापतोस. म्हणून पत्र. फाडायचं असेल तर आधी वाच, मग फाड.

राग बाजूला ठेवून सांगते, मला खरं कुतूहल वाटलं होतं. दोनदा पाणी घालून कॅक्टस मरत नाही. मी चिठ्ठी लिहून गेले होते, पंधरा दिवसांनी अर्धा कप. मग याला झालं काय? दुसऱ्या दिवशी सकाळी भिंग घेऊन बसले. आधी कीड शोधली. काट्यांच्या बुडाशी कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर पिठ्या ढेकूण समजायचा. एकही नव्हता. उन्हाने भाजलं असतं तर डाग कोरडा आणि खरखरीत असता. हा मऊ होता, बोट लावलं तर पिकल्या केळ्यासारखं आत जात होतं, आणि वास असा की प्रयोगशाळेतल्या, नाक मेलेल्या आमच्या जुन्या साहेबांनी सुद्धा खिडकी उघडली असती. शेंड्याचा नवा भाग मात्र फिका, बारीक आणि खिडकीकडे वाकलेला. ते मला कळेना. कुंडी तर अकरा वर्षं खिडकीतच आहे, मग हा उजेडाकडे मान कशाला वळवेल?

मग टेबलावर गोल डाग दिसला. म्हणजे कुंडी खिडकीतून काढून टेबलावर ठेवली होती, आणि फरशीवरच्या ओरखड्यांवरून दिसत होतं की टेबलाशेजारी माझी वेताची खुर्चीही ओढून घेतली होती. मी येणार म्हणून तू सगळं परत जागच्या जागी ठेवलंस, पण डाग पुसायचा राहिला. भुंग्या, तू लहानपणीही साखर चोरून खायचास आणि ओठ पुसायला विसरायचास.

कुंडी उपडी केली. मुळं पांढरी आणि कडक हवीत, ती काळी आणि बुळबुळीत होती. अति तिथे माती म्हणतात, इथे मातीचाच चिखल झाला होता. सुरी स्पिरिटने पुसली आणि खालून एकेक चकती कापत वर गेले. प्रत्येक चकतीच्या मधोमध तपकिरी ठिपका दिसायचा, म्हणजे कूज अजून वर आहे. एक वीत कॅक्टसातली चार बोटं गेली तेव्हा कुठे स्वच्छ हिरवा काप लागला. तो तुकडा आठ दिवस सावलीत नुसता आडवा ठेवला, काप सुकून त्यावर साल धरेपर्यंत. मग जाड वाळू आणि खडी घालून कोरड्यातच उभा केला. पाण्याचा थेंब नाही. वाट बघायची, आणि हेच माझ्याच्याने होत नाही, तुला माहीत आहे. मुळं फुटतील की नाही हे कळायला अजून महिना आहे.

आता पुराव्याबद्दल. कुंडीखालच्या बशीच्या खाली, टेबल भिजू नये म्हणून, तू वर्तमानपत्रं घातली होतीस. नंतर तीच कपाटामागे कोंबलीस. ती ओली होऊन एकमेकांना चिकटली होती. मी चिमट्याने एकेक सोडवली, दोरीवर वाळत घातली आणि तारखा मांडल्या. बावीस अंक. १७ फेब्रुवारीपासून १३ मार्चपर्यंत एकही दिवस चुकलेला नाही, तीन रविवार सोडून. प्रत्येकातलं शब्दकोडं सोडवलेलं, तुझ्या त्या मुंगीसारख्या अक्षरात. पाच मार्चचं आडवं सात चूक आहे, पण ते असू दे.

म्हणजे तू रोज येत होतास. सकाळी येऊन माझ्या खुर्चीत बसायचास, सोबतीला कॅक्टस जवळ ओढून घ्यायचास, आणि दुसऱ्याच्या रिकाम्या घरात नुसतं बसणं बरं दिसत नाही म्हणून त्याला रोज पाणी घालायचास. झाडांना पाणी घालायला ताईकडे जातो, असं घरी सांगत असशील. माझ्याकडे झाड एकच, आणि तेही असं की ज्याला पाणी नको.

मला खरं तर आधीच कळायला हवं होतं. मागच्या वर्षी तू हसत हसत म्हणाला होतास की मुलगा एका खोलीत मीटिंगमध्ये, सून दुसऱ्या खोलीत मीटिंगमध्ये, आणि तू सायलेंटवर. आईने तुझं नाव भुंग्या ठेवलं ते तू दिवसभर गुणगुणतोस म्हणून. तुला गप्प बसवणं काय असतं याचा मी क्षणभरही विचार केला नाही. वर टाळी दिली.

आणि १४ मार्चला मी म्हणाले, "खोटारड्या, तुझ्या हातात जिवंत काही सोपवू नये."

तुझी बायको जाऊन जेमतेम दीड वर्ष झालं असताना मी हे तुला म्हणाले. तुझा चेहरा उतरला ते मी पाहिलं, तरी थांबले नाही. भुंग्या, चौदा महिने तिची प्रत्येक तपासणी माझ्या हाताखालून गेली. शेवटचे आकडे डॉक्टरांच्या आधी मी वाचले होते. त्या आजारात कोणाच्याही हातात काही नव्हतं. गोळी कधी चुकली नाही, पाठीला कधी जखम झाली नाही, हे तुझं काम होतं, आणि हे माझ्याइतकं नेमकं कोणालाच माहीत नाही. तरी मी बोलले. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत मदर सुपीरियर अशा वाक्याबद्दल शंभर ओळी लिहायला लावायच्या. मी तुला एकच लिहिते: माझं चुकलं.

पण हे पत्र त्यासाठीही नाही. ते मी मनात गिळून आणखी सहा महिने बसले असते, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. काल दुपारी एक वाजता तुझ्या सुनेचा फोन आला. म्हणाली, "आत्या, बाबा रोजच्यासारखे तुमच्याकडे आले, पण चष्मा घरीच विसरलेत, पाठवून देऊ का?" म्हणजे गेले तीन आठवडे तू रोज सकाळी माझ्याकडे जातो सांगून बाहेर पडतोस आणि येत नाहीस. कुठे बसतोस? कोणत्या बाकावर? जेवतोस का? आणि मी, जिने आयुष्यभर एक आकडा इकडचा तिकडे केला नाही, तिला सांगितलं की नको पाठवूस, तो इथेच आहे, जरा डोळा लागलाय त्याचा. मागची खोली मी रिकामी केली आहे. दिवसापुरता ये, नाहीतर सामान घेऊन ये, मुलाशी मी बोलेन. येत्या शुक्रवारी दुपारी पुन्हा फोन करते असं सून म्हणाली आहे आणि मला पुन्हा खोटं बोलता येणार नाही. तेव्हा येतोस की नाही ते लेखी कळव, मुंगीच्या अक्षरात चालेल, पण शुक्रवार, ११ एप्रिल, दुपारी बाराच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे.

तुझीच, अजून चिडलेली,
ताई