लेडी ऑगस्टा तीच की दुसरी?

मार्स्टन क्रॉस,
रविवार, चॅपलहून आल्यावर

आदरणीय सायलसमामा यांना भाचा विल्फ्रेड याचा नमस्कार.

आपली पाठ आता कशी आहे? मामींनी बांधलेली फ्लॅनेलची पट्टी सोडू नये, असे आईने बजावून लिहायला सांगितले आहे. इकडे आई बरी आहे, कोंबड्या बऱ्या आहेत, मी बरा नाही. माझे लग्न मोडायच्या बेतात आहे आणि त्याला कारण एक इंजिन आहे, किंवा दोन. नेमकी किती, हेच ठरत नाही.

आपण कार्लाइलच्या रेल्वे शेडमध्ये फिटर, तेव्हा 'लेडी' जातीची इंजिने मी आपल्याला काय सांगावीत! पण क्रम चुकू नये म्हणून पहिल्यापासून लिहितो. लढाईच्या बरीच वर्षे आधी कंपनीने ती घाईघाईने बांधली. दिसायला देखणी, पण चढावर धापा टाकायची आणि धूर वर जायचा सोडून ड्रायव्हरच्या डोळ्यांत जायचा. म्हणून दोन्ही अंगांना पत्रे लावले. मग धूर पत्र्यांना वळसा घालून डोळ्यांत जाऊ लागला. शेवटी वरच्या साहेबांनी ठरवले की नवा सांगाडा, नवे सिलिंडर, नवा फुगीर बॉयलर, जोडधुराडे, सगळेच नवे घालावे. याला पुनर्बांधणी म्हणायचे. (नवे इंजिन म्हटले की संचालकांची मंजुरी लागते, दुरुस्ती म्हटले की लागत नाही. हे गुपित आहे, असे मी कामाला आहे त्या इंजिनांच्या कारखान्यात मला चौघांनी वेगवेगळे सांगितले.)

आता माझ्या होणाऱ्या बायकोचे, म्हणजे हेस्टरचे वडील, ड्रायव्हर ईनॉक ब्रॅडॉक. 'लेडी ऑगस्टा' हे त्यांचे इंजिन. आपण तिचे पितळ दुसऱ्याला पुसू देत नाही, हे ते चॅपलमध्येसुद्धा सांगतात. गेल्या महिन्यात ऑगस्टा आमच्या कारखान्यातून नवे पोट आणि नवे नाक घेऊन इथल्या शेडला परतली. ब्रॅडॉक तिच्याभोवती फिरले, टोपी काढली, पुन्हा घातली आणि घरी गेले. त्या रविवारी मी त्यांच्याकडे चहाला होतो. डब्यातला सामन मासा माझ्यासाठी मुद्दाम उघडला होता, यावरून माझी तेव्हाची पत आपल्या ध्यानात येईल.

"विल्फ," ते म्हणाले, "तू तिथं आत असतोस. सरळ सांग. ही माझी बाई, की तिचा झगा घालून आलेली दुसरीच कोण?"

हेस्टरने टेबलाखालून मला लाथ मारली. तिचा अर्थ मला कळला होता, पण माहीत नसताना 'हो' कसे म्हणावे? मी म्हणालो, चौकशी करून सांगतो.

"चौकशी? उद्या पोरगी चॅपलमध्ये तोंडावर जाळी घेऊन तुझ्याशेजारी उभी राहील, तेव्हाही चौकशी करणार का रे?"

मग त्यांनी जाहीर केले की याचे उत्तर मिळेपर्यंत लग्नाची तारीख ठरणार नाही.

मी आमचे मुकादम पिकर्सगिल यांना विचारले. ते म्हणाले, "पाटी कुणाची? ऑगस्टाची. मग ऑगस्टा. जा, कामाला लाग." पण मामा, ती पाटी मीच लावली होती! 'ऑगस्टा' आणि 'लेडी फिलिपा' शेजारीशेजारी उघड्या उभ्या होत्या, नाव नाही, नंबर नाही. यातली ऑगस्टा कुठली, असे मी तेव्हाही विचारले होते. "जी आधी तयार होईल ती. ऑगस्टाला शुक्रवारी गाडी ओढायची आहे," हे पिकर्सगिल यांचे उत्तर. ऑगस्टाची चाके फिलिपाखाली गेली, कारण ती चाके आधी कातून झाली. ऑगस्टाचे छप्परही तिकडेच, कारण क्रेन तिकडे होती. कोळशाची गाडी तिसऱ्याच कुणाची. म्हणजे ऑगस्टामध्ये ऑगस्टाची फक्त पाटी.

(आमच्या आईच्या बादलीचे बूड बदलले, मग कडी बदलली, मग अंगच बदलले. तरी ती तिला लग्नातली बादली म्हणते. मी हटकले तर म्हणाली, "मग कुणाच्या लग्नातली?" तेव्हापासून मी अधिकच गोंधळलो आहे.)

मी सगळे ब्रॅडॉक यांना जसेच्या तसे सांगितले. ही माझी चूक झाली, असे हेस्टर म्हणते. फिलिपा चालवतो एमॉस क्लेग, आणि त्याच्याशी ब्रॅडॉक कांद्यांच्या प्रदर्शनापासून बोलत नाहीत. "म्हणजे माझ्या बाईचे पाय त्या क्लेगकडे!" असे म्हणून ते परसात जाऊन उभे राहिले.

इथवर मला समजत होते. पुढचे समजत नाही. परवा ते नव्या ऑगस्टाला घेऊन शॅपचा चढ चढले. फायरमन सांगतो, ती चहाच्या किटलीसारखी वाफ देत होती आणि म्हातारा चक्क भजन गुणगुणत होता. मला वाटले, सुटलो. पण संध्याकाळी ते आमच्या दारात आले.

"विल्फ, मी खूश झालो रे तिच्यावर. या वयात! आणि तू म्हणतोस ही ती नव्हेच. मग मी कोण ठरलो? तिच्यातला जुना एक तरी तुकडा मला दाखव. नाहीतर तुझं खरं तू सांभाळ, माझी पोरगी मी सांभाळतो."

म्हणजे आधी ती दुसरी असल्याचा त्यांना राग होता, आता ती तीच असावी म्हणून राग आहे, आणि दोन्ही वेळा रागाखाली मीच. हेस्टर म्हणते, "'हो' म्हणायला काय झालं होतं तुला? एकच अक्षर. तुला तर ते लिहितासुद्धा येतं."

मामींना माझा नमस्कार सांगावा आणि पाठ जपावी.

आपला बावचळलेला भाचा,
विल्फ्रेड ऑग्डन

ता. क. पत्र बंद करताना आठवले (खरे म्हणजे याचसाठी लिहायला बसलो). ऑगस्टाचा वाफ सोडायचा जुना दांडा कारखान्यात काढला आणि बाकीच्या सुट्या भागांबरोबर आपल्याच कार्लाइलच्या शेडला पाठवला, असे पिकर्सगिल म्हणतात. ब्रॅडॉक यांचा तळवा घासून तो एका अंगाने गुळगुळीत झाला आहे. मंगळवारी ऑगस्टा आपल्याकडे थांबेल, तेव्हा तो शोधून तिला बसवावा. इंजिनाची वस्तू इंजिनाला देणे ही चोरी नव्हे, असे मला वाटते. आपल्यालाही तसे वाटावे.

ता. ता. क. हे हेस्टरला वाचून दाखवले. ती म्हणते, असे दांडे तिथे ढिगाने पडले असतील, नेमका तोच कसा सापडणार? मला खोटे बोलता येत नाही, हे आपण जाणताच. म्हणून हात जोडून विनंती की चांगलासा झिजलेला कुठलाही दांडा बसवावा, आणि तो कुणाचा होता ते मला कधीही कळवू नये.