तीनदा पुकारलेलं नाव

इलोइलो, मंगळवार

प्रिय मनांग लिगाया, माझ्या थोरल्या ताई,

तीन वर्षं तू हाँगकाँगहून फोन करतेस आणि मी "बाजारात गर्दी आहे" म्हणून ठेवून देते. गर्दी नव्हती गं, मला ऐकूच येत नव्हतं. सांगितलं असतं, तर धाकट्या बहिणीसाठी तू पुन्हा मालकिणीकडून उचल घेतली असतीस. त्यापेक्षा तू मला शिष्ट समजलीस, ते परवडलं.

पण गिऱ्हाईक पाव किलो कोळंबी मागायचं आणि मी किलोभर तोलायचे. शेवटी शेजारच्या गाळ्यावरच्या पुरिताने मला हाताला धरून नगरपालिकेच्या मदत कार्यालयात नेलं. तिथल्या बाईंनी माझं नाव तीनदा पुकारलं म्हणे. मी आपली पंख्याकडे बघत बसलेले. पुरिता त्यांच्या कानाशी जाऊन ओरडली, "बाई, आणखी कसला पुरावा हवाय तुम्हाला?" सगळे हसले. काही न कळता मीही हसले.

ऐकण्याच्या यंत्राचे निम्मे पैसे मंजूर झाले. उरलेले बाजारातल्या बायकांनी जमवले. मी नको नको म्हटलं, तर पुरिताने कागदावर लिहून दाखवलं, "गप्प बस. तुझ्याशिवाय चहाड्या कुणाला सांगू?"

काल यंत्र कानात बसलं. पुरिता कोळंबी निवडताना गाते, आणि फार वाईट गाते, हे मला कालच कळलं. मी रडले, तर तिला वाटलं गाणं आवडलं.

हे पत्र मी टपालपेटीत टाकणार नाही. रविवारी तुझा फोन आला की तुला वाचून दाखवेन. आधी पोटभर रागावून घे. मला एकही शब्द चुकवायचा नाही.

तुझीच,
नेनिता